रुमालाखालचा सौदा

दुपारची झोप मला डोळ्यांतून येत नाही, बोटांतून येते. चाळीस वर्षं तंबाखू चाचपण्यात गेलेली ही बोटं आधी सुस्तावतात. मग पान किती जाड आहे, ओल किती आहे ते बघितल्यासारखी चादरीवर आपणहून हलायला लागतात, आणि तेवढ्यात मी गेलेलो असतो. आजही ती हलायला लागली आहेत. फक्त आज मला झोपायचं नाही. चार वाजायच्या आत कोल्हापूरच्या टूरवाल्याला फोन करून हो किंवा नाही सांगायचंय.

"काका, तुमच्या एकट्याचं अडलंय," तो सकाळी म्हणाला. "बाकी सगळे फिक्स आहेत. चारनंतर मला सीट धरून ठेवता येणार नाही."

क्युबा. बारा दिवस. तिथली तंबाखूची शेतं बघायची, पानं वाळवायची कोठारं बघायची, वळणाऱ्यांच्या शेजारी बसून ताजे सिगार ओढायचे आणि येताना दोन डबे विकत आणायचे. निपाणीत ज्याला ज्याला सांगितलं त्याने कौतुकच केलं, कारण मी सगळ्यांना सांगत आलोय की ही माझ्या वखारीतल्या जोडीदाराची, मलगोंडाची, शेवटची इच्छा आहे. गेलेल्या माणसाच्या इच्छेपुढे कोण काय बोलणार? नीलाही, म्हणजे माझी बायको, काही बोलली नाही. तिने एवढंच विचारलं, "तिकडचं जेवण तुम्हाला चावेल का? हल्ली भाकरी दुधात कुस्करून खाताय म्हणून म्हटलं."

मी म्हटलं, दात आहेत, वयाप्रमाणे दुखणारच.

उशीखाली पासपोर्ट आहे आणि पासपोर्टात चार घड्या घातलेली डॉक्टरांची चिठ्ठी. ती नीलाने पाहिलेली नाही. माझ्या उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठलाय. डॉक्टर म्हणाले, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला बघू. दोनच गेली. ते म्हणाले, एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू, लांबवू नका. मी दोनदा लांबवलं. तिसरी तारीख परवाची आहे. तुकडा काढला की तोंडात धूर घ्यायचा नाही, हे त्यांनी बजावलंय, आणि त्या तुकड्यातून काय निघेल ते निघाल्यावर मला क्युबाला कोण सोडतंय? म्हणून आधी जाऊन येतो, आल्यावर बघू, असं मी स्वतःला सांगतो. जीभ मात्र दिवसभर त्या चट्ट्यावर जाऊन बसते.

पंखा घरघरतोय. सव्वादोनचा सुमार असेल. नुसतं पडायचं, झोपायचं नाही, असं मी बोटांना बजावतो.

घरघर पंख्याची राहत नाही, चाळणीची होते. तंबाखूचा बारीक धुरळा उडतो आणि मला शिंक येते. वखारीत बायका तोंडाला पदर बांधून चाळतायत. एकीचाही चेहरा दिसत नाही. उन्हाचा पट्टा कौलातल्या फटीतून येतो, धुरळ्यात अडकतो आणि जमिनीपर्यंत पोचतच नाही. मी तंबाखूच्या बोदाला, म्हणजे त्या माणसाएवढ्या पोत्याला, टेकून बसलोय.

"सरक की जरा," कोण तरी म्हणतं.

मी सरकतो. मलगोंडा शेजारी बसतो. कपाळाला विभूती, अंगात शेवटी घातला होता तोच पांढरा सदरा, आणि खांद्यावर त्याचा तो मोठा चौकड्यांचा रुमाल. पाय अनवाणी आहेत, बोटांच्या बेचक्यात ओली माती आहे. मला ती माती बघायची नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघतो.

"का रं गड्या, जायाचं ठरलं म्हनं?"

आवाज त्याचाच. शेवटचे चार महिने हा आवाज नव्हता. घशात नळी होती.

"ठरायचंय. चारपर्यंत सांगायचंय."

"मग झोपलास कशाला?"

मला हसू येतं. या माणसाबरोबर मी एकाच वखारीत एकतीस वर्षं तंबाखू पारखली. शेतकऱ्याचा माल आला की आम्ही दोघं हात घालायचो, वास घ्यायचो, चिमूटभर जिभेवर ठेवायचो. आमचं एकमत झालं की मालक दुसरं काही विचारायचे नाहीत. आमचं एकमत क्वचितच व्हायचं.

"तुला आठवतंय का, तो पहिला सिगार?" मी विचारतो.

"पहिला न्हाई. दुसरा आठवतोय."

बरोबर. मालकांचा पुतण्या परदेशातून आला होता, त्याने आम्हाला दोन सिगार दिले. पहिला आम्ही वखारीच्या माळ्यावर जाऊन पेटवला आणि विडीसारखा ओढला, धूर थेट छातीत. सिगारचा धूर तोंडातच खेळवून सोडायचा असतो, हे आम्हाला कोण सांगणार? मलगोंडा भिंतीमागं जाऊन ओकला. मी पाण्याच्या हौदाशी डोकं धरून बसलो. आणि दुसरा आम्ही ओढलाच नाही. वर्तमानपत्र पसरलं, ब्लेडनं तो उभा चिरला आणि पान पान वेगळं केलं. वरचं रेशमासारखं पान एका बाजूला, त्याला आवळून धरणारं दुसऱ्या बाजूला, पोटातली तिसरीकडे. दोन तास आम्ही त्या एका सिगारची पारख केली. जगात सिगार असा कुणी वापरला नसेल.

"सावलीत वाळवल्यात ही पानं," मलगोंडा तेव्हा म्हणाला होता, आणि आत्ताही म्हणतो. वर्तमानपत्र आमच्या पुढ्यात आलंय. "उन्हात न्हाई. टांगून, सावलीत, हळूहळू. आपली मानसं गडबड करत्यात रं. एकदा जाऊन बघायला पायजे."

"तेच तर. म्हणून जातोय."

तो वर्तमानपत्रावरचं पान उचलतो, नाकाशी नेतो, खाली ठेवतो. मग वाकून माझ्या तोंडाचा वास घेतो. मालाचा घ्यायचा तसाच, डोळे मिटून.

"आतनं ओल धरलीया," तो म्हणतो. "कवापासनं?"

मी तोंड मिटून घेतो. चाळणाऱ्या बायका थांबल्यात. सगळ्या माझ्याकडे बघतायत असं वाटतं, पण बघायला गेलं तर पदराच्या वर डोळेच नाहीत.

"रांगेत उभा रहा," मलगोंडा म्हणतो, आणि आम्ही रांगेत आहोत. विमानतळ असणार, कारण फरशी चकचकीत आहे आणि सगळ्यांच्या हातात पासपोर्ट आहेत. माझ्यापुढं मलगोंडा. त्याच्या पायांखाली मातीचे ठसे उमटत जातात आणि एक बाई मागून ते पुसत येते. खिडकीमागचा माणूस माझा पासपोर्ट उघडतो. चिठ्ठी बाहेर पडते. तो ती उलगडायला लागतो. एक घडी, दुसरी घडी. चारच घड्या आहेत हे मला माहीत आहे, पण तो उलगडतच राहतो. चिठ्ठी टेबलावरून खाली लोंबते, फरशीवरून मागच्या लोकांच्या पायांत जाते.

"कामासाठी की मजेसाठी?" तो विचारतो.

"मित्राची इच्छा आहे," मी म्हणतो.

"कोणता मित्र?"

मी पुढं बघतो. रांगेत माझ्यापुढं कुणी नाही.

माझा घाम पायांपर्यंत येतो. खिडकीतला माणूस शिक्का मारत नाही आणि पासपोर्टही परत देत नाही. मी हात आत घालून तो ओढून घेतो आणि पळत सुटतो. पळतो ते तंबाखूच्या सरीतून. दोन्ही बाजूंना कमरेएवढी रोपं, गार हिरवी, चिकट. लांबवर गोल माथ्याचे डोंगर. हेच क्युबा असणार. मला आनंद होतो, खरंच होतो. असा आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. मी पान खुडतो, चुरगळतो, वास घेतो. वास आपल्याच तंबाखूचा येतो. बांधावर एक जुनी सायकल लावलीय, तीही माझीच आहे.

समोर पानांनी शाकारलेलं उंच कोठार आहे. सावलीत वाळवायचं. मी मलगोंडाला हाक मारतो, "आरं ये की, बघ तरी! तू म्हनला हुतास तसंच हाय!"

तो आत आहे. कोठारात वर बांबूंना पानं टांगलीत, ओळीनं, तपकिरी, एकही हलत नाही. खाली खाटा आहेत. तिसऱ्या खाटेवर मलगोंडा झोपलाय. घशात नळी. उशाला सलाईनची बाटली, खिडकीत कुणाचा तरी डबा ठेवलेला. मला ही जागा माहीत आहे. मी इथं चौदा महिन्यांपूर्वी बसलो होतो, याच स्टुलावर, दुपारी असाच. मी मागं फिरतो तर मागं दार नाही, बांबूंची भिंत आहे.

मी स्टुलावर बसतो. त्याचा उजवा हात रुमालाखाली आहे. बोलता येईना तेव्हापासून तो आमच्या धंद्याच्या रीतीनंच बोलायचा.

आमच्या वेळी बाजारात भाव तोंडानं सांगत नसत. घेणारा आणि देणारा शेजारी बसायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायचे. एक बोट म्हणजे एक, चार म्हणजे चार. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा, खाली सौदा. पटलं नाही तर बोटं सोडून पुन्हा धरायची. पटलं की पुरा पंजा घट्ट दाबायचा, एकदा हलवायचा, आणि दोघांनी हात काढून घ्यायचे. संपलं. मलगोंडासारखा हात वाचणारा अख्ख्या बाजारात नव्हता. त्याच्या बोटात चांदीची अंगठी होती, तिचा सांधा उकललेला. कितीदा सांगितलं तरी त्याने तो कधी जोडून घेतला नाही. ज्याचा हात तो दाबी त्याच्या बोटावर मधे तुटलेली कोर उमटायची आणि तासभर राहायची. ती बघून लोक ओळखायचे की याचा माल आमच्या वखारीला गेला. तो गेला तेव्हा बोटं सुजली होती, अंगठी निघेना. आमच्यात पुरतात. अंगठी त्याच्याबरोबरच गेली.

मी रुमालाखाली हात घालतो. तेव्हाही घातला होता. तेव्हा त्याला बरं वाटावं म्हणून क्युबाचंच बोलत होतो. तू बरा हो, मग दोघं जाऊ, आणि नाहीच झालास तर मी एकटा जाऊन तुझ्या वाटचा सिगार ओढून येऊ का, असं काहीतरी, थट्टेत. आम्ही एकमेकांशी आयुष्यभर तसंच बोलत आलो. आणि तेव्हा त्याने माझा हात धरला होता. पुरा पंजा. घट्ट दाबला होता आणि एकदा हलवला होता.

आत्ताही तो धरतो, दाबतो, हलवतो.

"ठरलं," मी म्हणतो. तेव्हाही हेच म्हणालो होतो. "ठरलं तर मग. जाऊन येतो." आणि हात काढून घ्यायला लागतो.

"काय ठरलं?" मलगोंडा विचारतो.

नळी घशात तशीच आहे. तरी आवाज येतो.

"तूच दाबलास की. पुरा पंजा. हलवलास बी."

"दुखत हुतं रं."

मला कळत नाही. म्हणजे कळतं, पण मी कळून घेत नाही.

"सौदा पटल्यागत दाबलास, मलू."

"मरताना कुनासंगं सौदा करनार हुतो मी? भ्या वाटत हुतं. कुनीतरी धरावं वाटलं म्हनून तुझा हात धरला." तो माझ्याकडे बघतो. राग नाहीये त्याच्या डोळ्यांत, तो असता तर बरं झालं असतं. "आनि तू ठरलं म्हनलास आनि हात काढून घेतलास. वर म्हनलास, साडेतीनची एस्टी गाठतो."

वरचं एक पान देठातून सुटतं आणि खाली येतं. मला सगळं आठवतं. मी एस्टी गाठली होती. खिडकीजवळ बसायला मिळालं म्हणून खूशही होतो. संकेश्वरच्या पुढं फोन आला, तो गेल्याचा. आणि त्या दिवसापासून आजपर्यंत मी जगाला सांगत सुटलोय, त्याने माझा हात दाबून मला क्युबाला जायला सांगितलं. एकतीस वर्षं हात वाचले आणि ज्या हातात वाचायचं काहीच नव्हतं तो वाचत बसलो.

"चुकलो मी," मी म्हणतो. रडायला येतंय पण तोंड उघडत नाही, दोन बोटांपलीकडे उघडत नाही. "मलू, मी चुकलो रं."

"ऱ्हाऊ दे. मला तरी काय म्हाईत, तुझ्या जागी मी बी तेच केलं असतं." तो चक्क हसतो. "आपली जातच तसली. कुनी हात दिला की भाव बघतोय."

"मग जाऊ नको म्हनतोस?"

"मला इचारू नगंस. जा, न्हाईतर नगं जाऊस. पर माझं नाव कशाला घालतोस मधी? तुला जायाचंय ते कशापायी जायाचंय, ते तुझ्या तोंडानं सांग की."

रुमालाखाली त्याची बोटं हलतात. चाचपतात. पंजा सोडून तो माझी फक्त दोन बोटं धरतो. दोनच. धरून थांबतो.

"एवढीच जात्यात न्हवं तोंडात?" तो हळू विचारतो.

मी मान हलवतो.

"नीलाला ठावं हाय?"

मी मान हलवत नाही.

"मला चार म्हैनं लागलं दवाखान्यात जायाला," मलगोंडा म्हणतो. "तुला म्हाईत हाय. दात दुखतोय म्हनत हुतो मी."

कोठारात अंधारून येतं. टांगलेली पानं आता अगदी डोक्याशी आलीत, माझ्या केसांना लागतायत. तो पुन्हा माझा पुरा पंजा धरतो आणि दाबतो, फार जोरात, अंगठीची कड हाडाला लागते. मी ओरडतो. पण हात काढून घेत नाही. या खेपेला नाही. तोच आधी सैल होतो, रुमाल खाली बसत जातो, आणि रुमालाखाली माझा एकट्याचा हात राहतो.

फोन वाजतोय.

पंखा. भिंतीवरचं घड्याळ, चारला दहा कमी. नीला चहाचा कप घेऊन दारात उभी आहे. माझी उशी ओली झालीय आणि उजवा हात चादरीखाली आहे.

"अहो, फोन वाजतोय. केव्हाचा. कोल्हापूरचा दिसतोय."

मी चादर बाजूला करतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर लाल कोर उमटलीय. मधे तुटलेली. मी त्यावर डाव्या हाताचा अंगठा फिरवतो. खड्डा लागतो, दुखतंसुद्धा. माझ्या हातात अंगठी नाही. मी कधी घातलीच नाही. पलंगाला कड नाही, चादरीला बटण नाही, मी सगळं चाचपून बघतो.

फोन थांबतो आणि पुन्हा वाजायला लागतो. मी उचलतो.

"काका, काय ठरलं?"

"ठरलं काही नाही," मी म्हणतो. आवाज घोगरा येतो. "हे बघा, मित्राची इच्छा वगैरे काही नव्हती. मलाच जायचं होतं. आता जमणार नाही. परवा माझ्या तोंडाची तपासणी आहे. गालात चट्टा आलाय, तुकडा काढायचाय."

तो काहीतरी म्हणतो, काळजी घ्या, पुढच्या वर्षी बघू, असं. मी फोन ठेवतो. नीलाकडे बघायचं धाडस होत नाही. उशीखालून पासपोर्ट काढून तिच्या पुढं धरतो. चिठ्ठी तिची तीच काढते, उभ्यानंच वाचते. चष्मा नसताना तिला किती वाचता येतं मला माहीत नाही, पण ती पुन्हा पहिल्यापासून वाचते.

"तीन आठवडे झाले या चिठ्ठीला," ती म्हणते.

"हो."

"मी दुधात भाकरी कुस्करून देत होते, आणि तुम्ही दात म्हणत होता."

"हो."

"मलूभावजीही दातच म्हणायचे." एवढं बोलून ती चिठ्ठीची पुन्हा घडी घालते. मला वाटतं आता ती भांडेल. मी त्याची वाट बघतोय, भांडण झालं तर बरं. पण ती कप खिडकीत ठेवते, पलंगाच्या कडेवर बसते आणि माझा उजवा हात धरते. पुरा पंजा. ती फार जोरात दाबतेय, नेमकं त्या खुणेवर.

सवयीनं माझं डोकं मोजायला लागतं, पंजा म्हणजे किती, आणि मी ते थांबवतो. चहावर साय धरलीय. बाहेर कुणीतरी फाटक वाजवतंय, बहुतेक दूधवाला. नीला उठत नाही. मीही हात काढून घेत नाही.